बाकावरच्या पाच जणांचं काय?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. मैदानावर संध्याकाळीच पाणी मारून रोलर फिरवलाय, त्यामुळे माती अजून थंड आहे. चारी बाजूंना हॅलोजन, एका कोपऱ्यात भजी-चहाची गाडी, आणि वर बॅनर : ‘भव्य प्रकाशझोतातील निमंत्रित कबड्डी स्पर्धा’. फायनलला दहा मिनिटं आहेत. आमच्या टीमचा एक पोरगा बूट घालून, गुडघ्याला पट्टी बांधून तयार उभा आहे. बारावीतला. उजव्या कोपऱ्यात खेळतो. चारही राऊंड तो तिथेच खेळलाय. मंडळातला एक दादा त्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, “आज तू बस रे. फायनल आसा. मुंबयसून पोरगे इलेत.”

पोरगा काही बोलत नाही. जाऊन बाकावर बसतो. आम्ही तीन गुणांनी हरलो.

कणकवलीत, तळेऱ्याला, फोंड्याला, कुडाळला, कुठेही कबड्डी बघितली असेल तर हा सीन तुम्ही पाहिला असणार. कदाचित त्या पोराच्या जागी तुम्हीच बसला असाल. मी त्या टीममध्ये कव्हरला होतो. एक गोष्ट आधीच कबूल करतो. बाहेरचे खेळाडू आणायचे की नाही हे ठरवायला दुपारी मंडळाची मीटिंग झाली, तेव्हा ‘आणायचे’ म्हणून हात वर करणाऱ्यांत मीही होतो. म्हणून हा लेख कोणाला नावं ठेवायला लिहीत नाही. आपण सगळेच जी चूक हौसेने करतो, तिच्याबद्दल लिहितोय.

चढाई विकत मिळते, बचाव नाही

त्या फायनलमध्ये नेमकं काय झालं ते सांगतो. मुंबईहून आलेले दोघं चांगलेच होते. चढाईपटूने आठ-नऊ गुण आणले. पैसे वसूल. दुसरा उजव्या कोपऱ्यात उभा राहिला. ताकदीचा गडी, घोट्याची पकड एकदम कडक. पण त्याच्या शेजारी कव्हरला मी होतो, आणि आम्ही दोघं आयुष्यात पहिल्यांदा संध्याकाळी सहा वाजता भेटलो होतो.

कबड्डी खेळणाऱ्यांना पुढचं सांगायची गरज नाही. कोपरारक्षक घोट्याला जातो तेव्हा कव्हरने त्याच क्षणी धडक द्यायची असते किंवा पुढून ब्लॉक करायचा असतो. अर्धा सेकंद उशीर झाला की चढाईपटू कोपऱ्याला ओढत मध्यरेषेवर हात टेकवतो. अर्धा सेकंद लवकर झालं की दोघंही एकदम आत जातात आणि तो दोन गुण घेऊन परत जातो. हा अर्धा सेकंद ओरडून सांगता येत नाही. शेजारच्याचा खांदा जरा खाली गेला की आता हा जाणार, हे तुम्हाला कळावं लागतं. ते कळायला एक-दोन पावसाळे एकत्र प्रॅक्टिस लागते. बारावीतल्या त्या पोराचा खांदा मला कळायचा. पाहुण्याचा कळला नाही. शेवटच्या पाच मिनिटांत आम्ही दोनदा एकदमच आत गेलो, चार गुण दिले, आणि मॅच गेली.

माझं म्हणणं एवढंच आहे. चढाईपटू एका रात्रीसाठी आणता येतो. बचाव आणता येत नाही, तो घरी वाढवावा लागतो. आणि जो घरी वाढवायचा, तो आज तुमच्या बाकावर बसलाय.

पलटणने काय केलं?

“हे गावच्या मंडळांचं ठीक आहे, वरच्या लेव्हलला पैसाच जिंकतो,” असं कोणी म्हणेल. म्हणून जरा वरच्या लेव्हलला बघूया. प्रो कबड्डीत दरवर्षी लिलावाआधी प्रत्येक संघाला हाच प्रश्न असतो : ठेवायचं कोणाला, सोडायचं कोणाला, आणि कोवळ्या पोरांपैकी कोणावर विश्वास टाकायचा?

२०२२ चा नववा हंगाम आठवा. तमिळ थलायवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. सगळ्यांनी थलायवाज संपले असं धरलं. पण त्यांच्याकडे नरेंदर कंडोला नावाचा नवखा पोरगा होता, पहिलाच हंगाम खेळणारा. त्याने चढाईचे २४३ गुण केले आणि थलायवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेले. पवन तंदुरुस्त असता तर नरेंदर त्या वर्षी किती मिनिटं खेळला असता, याचा विचार करून बघा.

उपांत्य फेरीत त्यांना ३९-३७ असं हरवलं पुणेरी पलटणने. मला खरं बोलायचंय ते या पलटणबद्दल. टाकळीभानचा अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोघं आठव्या हंगामात नवीन पोरं म्हणून संघात आले. आकाश शिंदे, पंकज मोहिते, कव्हरला संकेत सावंत आणि अबिनेश नादराजन, अशी पंचविशीच्या आतबाहेरची पोरं संघाने धरून ठेवली. पलटणने स्वतःची अकादमी काढली, ‘युवा पलटण’ म्हणून ज्युनिअर पोरांचा संघ उभा केला. नवव्या हंगामात ते फायनलला गेले आणि जयपूरकडून ३३-२९ असे हरले.

फायनल हरल्यावर आपल्याकडे पहिली सूचना काय येते? “पुढच्या वर्षी अजून दोन नावं आणूया.” पलटणने गाभा तसाच ठेवला. फजल अत्राचलीसारखा मोठा कर्णधार त्यांनी सोडला आणि कर्णधारपद दिलं अस्लमला. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत त्यांनी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये भारताने इराणला हरवून सुवर्ण जिंकलं, त्या बारा जणांतही अस्लम आणि आकाश होते.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सोयीचं तेवढंच सांगितलं. त्याच पलटणने त्या हंगामात इराणच्या मोहम्मदरझा शादलूला २ कोटी ३५ लाख मोजून घेतलं होतं, आणि तो नसता तर विजेतेपद कठीणच होतं. पुढच्या वर्षी शादलू हरियाणाकडे गेला, हरियाणा जिंकली, आणि पलटण प्लेऑफलाही पोचली नाही. २०२५ मध्ये पलटण पुन्हा फायनलला आली आणि दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. दिल्लीच्या बचावात उभा कोण होता? पलटणने सोडलेला तोच फजल!

म्हणजे अनुभवी माणूस नको असं अजिबात नाही. एक जाणता कोपऱ्यात असला तर बाकीची पोरं निर्धास्त खेळतात. प्रश्न हा आहे की त्या एका जाणत्याच्या शेजारी कोण उभं आहे. पलटणकडे शादलूच्या शेजारी दोन-तीन हंगाम एकत्र घाम गाळलेली पोरं होती. आपल्याकडे पाहुण्याच्या शेजारी दुसरा पाहुणा असतो.

तरव्याशिवाय लावणी

ही कल्पना कबड्डीची नाही आणि नवीनही नाही. अमेरिकेत बेसबॉलमध्ये शंभर वर्षांपूर्वी सेंट लुईस कार्डिनल्स नावाचा एक संघ होता. खिसा फाटका. न्यूयॉर्कचे श्रीमंत संघ चांगला खेळाडू दिसला की उचलून न्यायचे. त्यांचा मॅनेजर ब्रँच रिकी म्हणाला, विकत घेणं परवडत नाही ना, मग पिकवूया. त्याने छोट्या गावांतले छोटे संघ जोडायला सुरुवात केली. पोरं तिथे खेळायची, चुकायची, शिकायची आणि तयार झाली की वर यायची. १९२६ मध्ये याच संघाने बेब रूथच्या यँकीजना हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. त्या पद्धतीला नाव पडलं ‘फार्म सिस्टीम’. फार्म म्हणजे शेत. आज बेसबॉलमधला प्रत्येक संघ त्याच पद्धतीने चालतो, श्रीमंतसुद्धा.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. मृगाचा पाऊस पडला की आपण आधी तरवा पेरतो. एका छोट्या कुणग्यात दाट रोपं. तीनेक आठवडे त्याला जपायचं, मग उपटून लावणी. ज्याचा तरवा गेला त्याला दुसऱ्याच्या दारात जावं लागतं, “जरा चार मुठी तरवो दी रे” म्हणत. आपल्या कबड्डीचं नेमकं हेच झालंय. स्पर्धांचं पीक जोरात आहे. दिवाळीनंतर सुरू होतात त्या मे महिन्यात चाकरमानी परत जाईपर्यंत चालू असतात. पण तरवा पेरायला कोणाला वेळ नाही, म्हणून दरवर्षी मुंबईला फोन.

आणि मुंबईहून जी पोरं येतात, त्यातली निम्मी आपलीच असतात. आडनावं बघा ना. आजोबा देवगडचे, नाहीतर मालवणचे. नोकरीसाठी बाप गेला, पोरगं तिकडच्या व्यायामशाळेत रोज संध्याकाळी खेळत मोठं झालं. तिकडे रोजची संध्याकाळ मिळाली म्हणून ते तयार झालं. इथल्या पोराला तीच संध्याकाळ मिळत नाही, एवढाच दोघांत फरक.

बसलेल्या पोराचं काय जातं?

एक मॅच बसला तर काय बिघडलं? बिघडतं. कारण वर जायचा रस्ता रात्रीच्या स्पर्धांतून जातच नाही. तो जातो किशोर आणि कुमार गटाच्या जिल्हा निवड चाचणीतून, तिथून राज्य अजिंक्यपद स्पर्धेला, तिथून महाराष्ट्राच्या संघात. कॉलेजला असाल तर मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून. कुमार गट विसाव्या वर्षी संपतो. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण हवं असेल तर तिथेही अधिकृत स्पर्धांचीच सर्टिफिकेट चालतात, मंडळाची ढाल नाही.

मग तो पोरगा निवड चाचणीला जातो तेव्हा काय घेऊन जातो? ताकद असते, इच्छा असते. नसतो तो शेवटच्या पाच मिनिटांचा अनुभव. दोन गुणांनी पुढे आहोत, मैदानात तिघंच उरलेत, समोरचा निर्णायक चढाईला आलाय, आता अव्वल पकड मारायची की त्याला जाऊ द्यायचं? हा निर्णय त्याने कधी घेतलेलाच नसतो, कारण असे निर्णय आपण पाहुण्यांसाठी राखून ठेवतो. त्यातून चाचणी मॅटवर असते आणि प्रॅक्टिस मातीवर झालेली. मातीत पाय रुततो, मॅटवर बूट पकडतो किंवा सटकतो. निवड समिती पंधरा-वीस मिनिटं बघते आणि पुढच्याला बोलावते.

चिपळूण आपल्यापासून रेल्वेने काही तासांवर आहे. तिथल्या कोळकेवाडीसारख्या गावातून शुभम शिंदे प्रो कबड्डीत गेला, तेही कोपरारक्षक म्हणून. म्हणजे कोकणातल्या मातीत कोपरारक्षक पिकत नाहीत असं नाही. पिकू द्यावे लागतात.

मुलींचं तर अजून अवघड. पोरांच्या टीममध्ये बाकावर पाच जण असतात तरी. बऱ्याच कॉलेजांत मुलींची टीम कशीबशी सात-आठ जणींची होते. एकीचा घोटा मुरगळला की टीमच कमी गड्यांनी खेळते. कारण शाळेत खेळणारी मुलगी अकरावीला आली की “आता पुरे” असं घरात ठरतं, आणि कॉलेजात तिला विचारायला कोणी जात नाही. तिथे तर बाकापासूनच सुरुवात आहे.

“पण पब्लिक येणार कसं?”

मंडळवाल्यांचं म्हणणं मला माहितीये, मी मीटिंगला बसलोय. देणगीदाराला नाव लागतं. नाव नसेल तर गर्दी नाही, गर्दी नाही तर पुढच्या वर्षी देणगी नाही. बक्षिसाची रक्कम मोठी, समोरचा पाच पाहुणे आणतो, मग आपण पोरं उतरवून मार खायचा का?

मुद्दा खोटा नाही. एकट्या मंडळाने सुरुवात केली तर ते पहिल्या राऊंडलाच बाहेर जाईल. म्हणून हे नियमातच यायला हवं, सगळ्यांना सारखं. स्पर्धेच्या पत्रकावर ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ छापतोच ना आपण? त्याच्याखाली अजून एक ओळ : ‘प्रत्येक संघाने पहिल्या डावात तालुक्यातील वीस वर्षांखालील किमान दोन खेळाडू खेळवणे बंधनकारक.’ दुसऱ्या डावात आणा काय आणायचे ते पाहुणे. वीस मिनिटं तरी त्या दोन पोरांना मिळतील. आणि पाहुण्याच्या शेजारी उभं राहून शिकायलाही मिळेल, बाकावरून बघून नव्हे.

गर्दीचं म्हणाल तर आपल्या वाडीतल्या पोराने पकड केली की जो आवाज होतो, तो मुंबईच्या चढाईपटूच्या चार गुणांना होत नाही. त्याची आवस, काकी, शाळेतले सर, सगळे कुंपणाला टेकून उभे असतात. ही गर्दी फुकटात येते.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी. मैदान आखलेलं असतं, मांडव असतो, पंच आलेले असतात, आणि हे सगळं सकाळी दहा ते संध्याकाळी सहा रिकामं पडून असतं. त्याच दिवशी सकाळी शाळेतल्या पोरापोरींच्या मॅच लावा. खर्च वडापाव आणि सरबताचा. सकाळी खेळलेला पोरगा रात्री मॅच बघायला येताना घरच्या चौघांना घेऊन येईल.

आणि तुम्ही?

मंडळ, असोसिएशन, सरकार हे सगळं आपल्या हातात नाही, मान्य. तुमच्या हातात काय आहे ते बघा.

तुम्ही कॉलेजच्या टीममध्ये असाल तर कॅप्टन म्हणून, नाहीतर सिनिअर म्हणून, सराव सामन्यात एक करून बघा. शेवटची पाच मिनिटं बाकावरच्या पाच जणांना द्या, आणि तीसुद्धा आपण पुढे असताना नाही, स्कोअर बरोबरीत असताना. ते हरवतील, दोन-तीनदा नक्की हरवतील. सराव असतोच त्यासाठी.

तुम्ही खेळणं सोडलं असेल तर अजून चांगलं, तुमच्याकडे वेळ आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की जवळच्या शाळेत जा. गुरुजींना विचारा. त्यांना मदत हवीच असते. पोरांना घोट्याची पकड कशी मारायची एवढं जरी धड शिकवलंत, गुडघा आधी टेकवायचा की हात आधी जायचा हे दाखवलंत, तरी पुढच्या पाच वर्षांत तुमच्या कॉलेजला दोन कोपरारक्षक मिळतील. तुम्ही तेव्हा पुण्यात, नाहीतर गोव्यात नोकरीला असाल. तरव्याचं असंच असतं, पेरणारा आणि कापणारा एकच असेल असं नाही.

आणि तुम्ही स्वतः बाकावर असाल तर? रागावून घरी जाऊ नका, पण गप्पही बसू नका. मॅच संपल्यावर दादाला, सरांना सरळ विचारा, “माझं काय कमी पडलं?” उत्तर मिळालं तर त्यावर काम करा. “पुढच्या वर्साक बघूया” एवढंच मिळालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. त्यांनाही उत्तर शोधायला लागू दे.

लेखाच्या सुरुवातीचा तो पोरगा त्या दिवशी कोणालाच काही विचारून गेला नाही. पुढच्या सीझनला प्रॅक्टिसला चारदा आला, मग यायचा बंद झाला. आता गोव्यात एका कंपनीत आहे, पाळी असते. मध्यंतरी कणकवली स्टेशनवर भेटला. छान हसला, चहा प्यालो. जाताना म्हणाला, “दादा, त्या दिवशी फायनलला तू दोनदा लवकर गेलास ना? मी बघत होतो. मी असतो तर थांबलो असतो.”

बाकावरून त्याला जे दिसलं होतं, ते आम्हाला मैदानात उभं राहून दिसलं नव्हतं. पुढच्या वेळी हात वर करायची वेळ आली की मी तो वर करणार नाही. तुमच्या मंडळाची मीटिंग कधी आहे?